जेपीसी, जेपीसी म्हणजे काय हो?

मंडळी, आपल्याकडे एखादा घोटाळा बाहेर आला की तिसऱ्या दिवशी एक मागणी ठरलेली: जेपीसी नेमा! म्हणजे संयुक्त संसदीय समिती. घोटाळ्यासाठी अशी समिती नेमायची पद्धत सुरू झाली बोफोर्सपासून. म्हणून या वीकेंडला तेच जुनं प्रकरण उकरून काढतोय.

मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला, सुमारे १४३७ कोटी रुपयांचा. (तोफ चांगलीच होती, १९९९ मध्ये कारगिलला ते दिसलं. भांडण तोफेबद्दल नव्हतंच.) एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने बातमी दिली की या सौद्यात लाच दिली गेली, आणि दिल्लीत भडका उडाला. ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांनी लोकसभेत समितीचा ठराव मांडला. अध्यक्ष बी. शंकरानंद, काँग्रेसचेच.

आता गंमत बघा. समितीतल्या जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात, आणि त्या लोकसभेत काँग्रेसचे ४०० हून जास्त खासदार! म्हणजे ज्यांच्या सरकारची चौकशी, त्यांचंच समितीत बहुमत. आमच्या धंद्यात सांगायचं तर ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्टिंगच्या रिपोर्टवर सही करायची. विरोधकांनी बहिष्कार टाकला.

मला तो बहिष्कार काही पटत नाही. समितीची ताकद मतदानात नसतेच. ती असते फायली मागवण्यात आणि साक्षीदाराला समोर बसवून प्रश्न विचारण्यात. इथे बोफोर्सचे अधिकारी बंद दाराआड समितीपुढे बसले, आणि त्यांची उलटतपासणी करू शकणारी खमकी माणसं बाहेर! ५० बैठका झाल्या. २६ एप्रिल १९८८ ला अहवाल आला: मध्यस्थ नाहीत, लाच नाही, दिलेले पैसे म्हणजे जुने करार गुंडाळल्याची भरपाई. वेगळं मत नोंदवलं ते अण्णाद्रमुकच्या अलाडी अरुणा यांनी. 'द हिंदू'मध्ये एकेक कागद छापून यायला लागले तसा या अहवालाला कुणी विचारेना. १९८९ मध्ये कॅगचा अहवाल आला, विरोधकांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले आणि त्याच वर्षी काँग्रेसची सत्ता गेली. (२००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरचा लाचेचा आरोप रद्द केला, हेही सांगायला हवं.)

याउलट १९९२ ची हर्षद मेहता प्रकरणातली समिती. अध्यक्ष रामनिवास मिर्धा, पुन्हा काँग्रेसचेच. पण तेव्हा नरसिंह रावांकडे लोकसभेत स्वतःचं बहुमत नव्हतं, आणि विरोधक आत बसून काम करत होते. अहवालाने अर्थखात्यालाही सोडलं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी राजीनामा देऊ केला, तो रावांनी घेतला नाही.

मग सगळं नीट झालं का? कुठलं काय! समितीला वाचायची परवानगी असते, बदलायची नसते. ती फक्त शिफारस करते, पुढचं सरकारच्या मर्जीवर. मिर्धा समितीच्या शिफारशीही पूर्ण अमलात आल्या नाहीत. २००१ मध्ये केतन पारेख उगवला. पुन्हा शेअर बाजार, पुन्हा बँका, आणि हो, पुन्हा जेपीसी.