दिनविशेष : १५ मार्च
१७८१ : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नॉर्थ कॅरोलायनातील गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई. मैदान ब्रिटिशांनी मारले, पण लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सुमारे १,९०० सैनिकांपैकी ५०० हून अधिक कामी आले वा जखमी झाले. व्यवस्थित माघार घेणारा अमेरिकी सेनापती होता नॅथनेल ग्रीन.

ऱ्होड आयलंडच्या क्वेकर घरातला हा मुलगा. घरचा धंदा जहाजांचे नांगर घडवण्याचा. युद्धशास्त्र शिकला ते पुस्तकांतून. पाय किंचित लंगडा, म्हणून अधिकारी न होता स्थानिक पलटणीत साधा शिपाई म्हणून उभा राहिला आणि १७७५ मध्ये थेट ब्रिगेडियर जनरल झाला! १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टन त्याच्या चुकीच्या अंदाजाने गेला, तरी सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा विश्वास ढळला नाही. नंतर रसदखात्याची विस्कटलेली घडी त्यानेच बसवली. ही कामगिरी कोणत्याही विजयाइतकी मोलाची. डिसेंबर १७८० मध्ये दक्षिणेची सूत्रे हाती घेतल्यावर त्याने स्वतः एकही मोठी लढाई निर्विवाद जिंकली नाही, पण शत्रूला दमवत दक्षिणेचा बहुतेक मुलूख सोडवला.

गिलफर्डनंतर खिळखिळा झालेला कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात गेला आणि ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला शरण आला. हाच पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठी फौजा त्याच्या बाजूने होत्या. ग्रीन १७८६ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी, जॉर्जियात वारला.