ओसरीवरचा सौदा

आमच्या जऊळक्यात दारावर आलेल्या माणसाला किती आत घ्यायचं, हे त्याच्या धंद्यावरून ठरलेलं असे. कासार ओसरीपर्यंत. बोहारीण जोत्याच्या पायरीवर. वैदू फाटकाशी. कल्हईवाला तर अंगणाच्याही बाहेर, पाराखाली, कारण त्याला भट्टी पेटवायची असे. आणि जात्याला टाकी लावणारा टाकणकार मात्र थेट आतल्या घरात, कारण जातं आत रोवलेलं. ते उचलून बाहेर कोण आणणार? हा क्रम कुणी कागदावर मांडलेला नव्हता, पण माझ्या आजीला तो पाठ होता, आईलाही होता. दारावरचे विक्रेते आणि घराची सुरक्षितता हा विषय आता पोलिसांच्या पत्रकांत येतो. आमच्या गावच्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या हाताळला आहे, आणि त्यांची रीत लिहून ठेवायची राहून गेली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

जऊळका हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचं गाव. स्टेशनामुळे जऊळका रेल्वे असंच नाव कागदोपत्री पडलं. रूळ 2008 च्या सुमारास रुंद झाले, त्याआधी मीटर गेजची छोटी गाडी होती. आमच्याकडचा फेरीवाला बहुतेक त्या गाडीनेच यायचा. सकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन उतरायचा, गाव आणि आसपासच्या वाड्या पालथ्या घालायचा आणि परतीच्या गाडीला स्टेशनवर हजर. त्यामुळे तो कुठून आला, केव्हा आला आणि केव्हा जाणार, हे फलाटावरच्या चार माणसांना आपोआप कळायचं. हंगाम दिवाळीनंतरचा. कापूस वेचून व्हायचा, ज्वारी घरात यायची आणि बाईच्या हाताशी काही असायचं. बरेच सौदे धान्यावरच होत. सूपभर ज्वारी, पायलीभर तूर. नगद पैसा बाईला बाहेर काढावाच लागत नसे, म्हणून तो कुठे ठेवलाय हेही कुणाला दिसत नसे.

कल्हईवाल्याचं काम मी लहानपणी तासन्‌तास पाहिलं आहे. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, बाजूला चामड्याचा भाता. पितळेचं पातेलं चिमट्यात धरून तो निखाऱ्यावर फिरवायचा, पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. मग कथिलाची कांडी आतून टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात पातेलंभर पसरवायची. काळपट भांडं आतून चांदीसारखं व्हायचं आणि लगेच पाण्यात बुडवलं की चर्रर्र. यातलं काहीही झाकून होत नव्हतं. भट्टी गावाच्या मध्यावर, भोवती पोरांचा घोळका आणि भांडी ज्याची त्याने आणून दिलेली. भांड्यांवर नावं घातलेली असत, ती वाचून परत घ्यायची. आजी देताना मोजायची, घेताना मोजायची, आणि कल्हईवाल्याला त्यात अपमान वाटत नसे. उलट तोच म्हणायचा, "मोजून घ्या, माय."

कासाराचा मान वेगळा. परक्या पुरुषाने गावातल्या बाईचा हात धरावा, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट! पण बांगड्या भरणाऱ्याला ती मुभा होती, आणि भरून झाल्यावर बायका त्याला नमस्कार करीत. लग्नघरी तर त्याच्यावाचून पान हलत नसे. तरी बसायचा तो ओसरीवर. शेजारणी जमायच्या, एकीचा चुडा भरून होईपर्यंत दुसरी भावावर घासाघीस करायची. एकटी बाई आणि विक्रेता असा प्रसंग उभाच राहत नसे. बोहारणीचंही तेच. स्टीलची भांडी खेड्यात आल्यावर जुन्या लुगड्यांवर डबा की तवली, यावर पायरीवर तासभर हुज्जत चाले, आणि अर्धी आळी पंच म्हणून उभी असे. एखादा नवखा माणूस उंबऱ्याकडे पाऊल टाकू लागला, की आजीचा आवाज यायचा, "अंदर कायले येतं, भाऊ? तठीच बस, पाणी आणतो." पाणी मिळायचंच, उन्हाळा असेल तर ताकही मिळायचं. आत मात्र जायला मिळायचं नाही.

आता टाकणकार. त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या भीतीचा इतिहास त्याच्यावरून कळतो. "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ" अशी त्याची हाळी. रोजच्या दळणाने जात्याच्या पाळी गुळगुळीत होतात, मग पीठ पडत नाही, नुसता भरडा निघतो. टाकणकार आत यायचा, वरची पाळ खुंट्यासकट उचलून भिंतीला टेकवायचा आणि मांडी घालून टाकी-हातोडीने दोन्ही पाळींवर बारीक खाचा पाडायचा. ठक ठक ठक, एका लयीत, आणि दगडाचा पांढरा भुगा त्याच्या भुवयांवर बसायचा. नुकत्याच टाकवलेल्या जात्यातलं पहिलं दळण घरात खात नसत, त्यात कच येते; ते गुरांपुढे जायचं. तो काम करीपर्यंत आजी दाराच्या चौकटीत काहीतरी निवडत बसायची. त्याच्याशी बोलायची, कुठल्या गावाहून आलास, पोरं किती, यंदा पाऊस कसा. त्याचं लक्ष कामावर, तिचं त्याच्यावर, आणि दोघांच्याही मनात किल्मिष नाही.

पण सरकारदरबारी याच माणसाबद्दल दुसरंच लिहिलं जात होतं. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि आमचा भाग बाशिम जिल्ह्यात होता. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला आणि आमचा भाग अकोल्यात घातला गेला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात पारध्यांच्या प्रकरणात वऱ्हाडातल्या टाकणकारांची नोंद आहे: गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावणारे लोक, अशी. आणि त्या नोंदीलाच गुन्हेगारीचा शिक्काही चिकटलेला आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला होता. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, 1911 मध्ये त्याची कक्षा देशभर वाढली. या कायद्याखाली अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवता येत. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. फिरण्यावरच ज्याचं पोट, त्याचं फिरणंच गुन्हा झालं. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला, विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतो. कायदा गेला तरी नजर गेली नाही. "पारधी आलेत, दारं लावा" हे मी स्वतः ऐकलेलं वाक्य आहे, आणि ते उच्चारणारी माणसं एरवी चांगली होती.

माझ्या आजीला तो कायदा माहीत नव्हता. तिची पद्धत मात्र त्या कायद्याहून शहाणी होती, असं माझं ठाम मत आहे. कायदा जात विचारायचा. आजी काम विचारायची, जागा ठरवायची आणि डोळ्यांसमोरून हलायची नाही. हा नियम सगळ्यांना सारखा होता, मग गाठोडं घेऊन आलेला जहागीरदार का असेना.

तिच्या मागे गावाचीही एक व्यवस्था होती. पाटील आणि जागल्या यांना नवखा माणूस गावात आल्याची खबर लागत असे, आणि मुक्कामाला राहणाऱ्याची पालं कुठे पडायची हेही ठरलेलं असे. पुढे वतनं गेली, 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. आता तर जऊळक्यात पोलीस ठाणं आहे. तरी मला वाटतं, तेव्हा गावाचे डोळे जास्त होते. पिठाची चक्की आली, जाती अंगणात उलटी पडली आणि टाकणकाराची हाळी थांबली. धाब्याची घरं पाडून स्लॅबची झाली, त्यात ओसरी गेली. आता लोखंडी फाटक उघडलं की दोन पावलांवर बैठक आणि तिच्या लगेच मागे स्वयंपाकघर. परक्याला बसवायला जी मधली जागा होती, ती आपणच बांधकामात गिळली. मुलं पुण्याला, संभाजीनगरला. घरात दोन म्हातारी माणसं. आणि विक्रेता मोटरसायकलवर येतो, एकदाच येतो, त्याला पुन्हा या दारात तोंड दाखवायचं नसतं.

सोनं उजळून देणारे याच फटीतून शिरले. त्यांची रीत महाराष्ट्रभर एकच आहे. दोघे जण, नीट इस्त्रीचे कपडे, पाठीवर पिशवी. कंपनीची पावडर आहे, फुकट दाखवतो म्हणतात. आधी तांब्याचा तांब्या चकचकीत करतात, मग देवाची समई, मग पायातली जोडवी किंवा पैंजण. इथपर्यंत सगळं खरं असतं आणि म्हणूनच विश्वास बसतो. मग "मावशी, मंगळसूत्र काळं पडलंय". एका वाटीत पाणी, हळद आणि त्यांचं द्रावण. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण सोनं विरघळवतं. ते वापरलं की दागिना चमकतो, पण वजन घटतं आणि ते सोनं त्यांच्या द्रावणात जातं. किंवा याहून सोपं करतात: दागिना डब्यात घातल्याचं दाखवतात, वर हळद, झाकण घट्ट, "थोड्या वेळाने उघडा", आणि बाईला गॅस लावायला नाही तर पाणी आणायला आत पाठवतात. डबा उघडेपर्यंत मोटरसायकल हायवेला लागलेली असते. कल्हईवाला आणि हे, दोघेही भांडी उजळणारे. पण त्याची भट्टी पाराखाली होती आणि यांना स्वयंपाकघर हवं असतं. मला तर वाटतं, एवढा एक फरक पोरीबाळींना शिकवला तरी निम्मं काम होईल. आलेल्याला सांगायचं, उघड्यावर, चारचौघांत करण्यासारखं काम असेल तर कर. नाहीतर दुसरं दार बघ. अंगावरचा दागिना दारावरच्या माणसासाठी उतरवायचाच नाही. वाटेत गाठून "आम्ही पोलीस, पुढे दंगा झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतयेही असतात, त्यांनाही हेच उत्तर. शंका आली तर शेजारणीला नावाने मोठ्याने हाक मारायची आणि 112 लावायचा.

शेतकऱ्याच्या दारात आणखी एक जण येतो, मृगाच्या तोंडावर. कपाशीचं बियाणं, दुकानापेक्षा स्वस्त, पाकिटावर चित्र झकास आणि पावती नाही. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाने परवान्याशिवाय बियाणं विकता येत नाही. बी उगवलं नाही तर दागिन्याइतकंच जातं, सगळा हंगामच जातो, आणि पावतीशिवाय तक्रार तरी कुठे न्यायची?

पण भीती शिकवताना तोल जाऊ द्यायचा नाही. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. भिक्षेकरी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या! जिथे नाव-गाव विचारून, ठाण्याला फोन करून गोष्ट संपली असती, त्याच जागेत. ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या दारावरचे सगळे आठवले, वैदू, बहुरूपी, टाकणकार. त्यांच्यापैकी कुणीही त्या दिवशी तिथे असू शकला असता. संशय आला तर माणूस फाटकाबाहेर थांबवायचा, ठाण्याला कळवायचं. हात उचलायचा अधिकार कुणालाच नाही. राईनपाड्याचं नाव घेतल्याशिवाय दारावरच्या धोक्याबद्दल बोलूच नये, असं मला वाटतं.

केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये थेट विक्रीचे नियम काढले. कंपनीच्या थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असं त्यात आहे. मिक्सर, पाण्याचं यंत्र, ताकदीची पावडर विकायला येणाऱ्याला हे बिनदिक्कत सांगावं. ओळखपत्र खोटंही असू शकतं, म्हणून त्यावरच्या नंबरला फोन न लावता कंपनीचा नंबर आपण वेगळा शोधून लावावा. पण गोधडीवाला, चादरवाला, बांगड्यांची पाटी घेऊन फिरणारी बाई, यांच्यामागे कसली कंपनी आणि कसलं ओळखपत्र? त्यांच्यासाठी मी आमच्या ग्रामसभेत एक गोष्ट मागते आहे. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. नाव, गाव, माल कोणता, गाडीचा नंबर, फोन, आल्याची वेळ. नोंद करणाऱ्याला शिक्का मारलेली, त्या दिवसापुरती चिठ्ठी द्या आणि त्याबद्दल एक पैसाही घेऊ नका. जातीचा रकाना त्या वहीत असता कामा नये. चिठ्ठी असलेल्याला बायका निर्धास्त उभं करतील, त्याचाही माल खपेल आणि कुणी अंगावर धावून आलं तर दाखवायला त्याच्या हातात गावाचा कागद असेल. वहीशेजारी पाण्याचा माठ ठेवायलाही मी सांगितलं आहे, आणि त्याच्यावर ग्रामसभेत कुणाचंच दुमत झालं नाही.