पोस्टाच्या तिकिटावरील पारनेरकर

आपल्या पारनेर तालुक्याचा एक पुरुष पोस्टाच्या तिकिटावर आहे, हे येथे जमलेल्या किती मंडळींना ठाऊक असेल? आम्हांलाही ते फार उशिरा कळले. युनियनची पत्रे पाठविण्यात आमची उमर गेली. परंतु तिकीट लावावयाचे एवढेच ठाऊक, त्यावर कोण आहे हे पाहण्याची सवय नव्हती.

1854 मध्ये हिंदुस्थानभर तिकिटे सुरू झाली. तेव्हापासून स्वातंत्र्यापर्यंत त्यांवर विलायतेच्या राणीचे नाही तर राजाचे मस्तक असे. 1925 साली नाशिक रोडला सरकारी छापखाना निघाला. छापणारे हात आपल्या कामगारांचे झाले, मस्तक मात्र तेच राहिले. 21 नोव्हेंबर 1947 रोजी स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले. साडेतीन आण्यांचे, वर तिरंगा आणि 'जय हिंद'. 1949 च्या मालिकेत अजिंठा आला, घारापुरीची त्रिमूर्ती आली. 1952 मध्ये कवी आले : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. त्यांत ज्ञानोबा-तुकोबा नव्हते! ज्ञानेश्वरांना 1997 आणि तुकोबांना 2002 उजाडावे लागले. वारकऱ्यांना त्याचे काही वाटले नसेल, आम्हांला वाटते. गिरणीकामगारांची पहिली संघटना 1884 मध्ये बांधणारे, त्यांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे तर 2005 पर्यंत थांबले.

28 नोव्हेंबर 1977 रोजी पंचवीस पैशांची दोन तिकिटे एकदम निघाली. एक महात्मा फुल्यांचे, दुसरे सेनापती बापटांचे. दोघांची पुण्यतिथी एकच. फुले 1890 साली गेले, बापट 1967 साली. पांडुरंग महादेव बापट जन्मले ते पारनेरास, 1880 मध्ये. विलायतेत बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस पुढे पारनेरच्या गल्ल्या स्वतः झाडी. 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, त्याचे ते सेनापती झाले. धरण टाटांच्या वीज कंपनीचे, वीज मुंबईच्या गिरण्यांना, आणि जमिनी मावळ्यांच्या. म्हणजे कामगाराचा माग ज्या विजेवर चालावयाचा, तिच्यापायी शेतकऱ्याचे घर पाण्याखाली जावयाचे. ही गाठ आम्हां युनियनवाल्यांना अजून सुटलेली नाही. सुप्याची औद्योगिक वसाहतही कोणाच्या तरी शिवारावरच उभी आहे. बापटांनी पुन्हा पुन्हा तुरुंग भोगला, शेवटी रेल्वेगाडी अडवून सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण झालेच.

आता पोस्टखात्याचा न्याय पाहा. जमशेटजी टाटांचे तिकीट 1965 मध्ये निघाले, बापटांचे त्यानंतर बारा वर्षांनी. जमशेटजी 1904 सालीच वारले होते, मुळशीच्या लढ्याशी त्यांचा स्वतःचा संबंध नाही, हेही सांगितले पाहिजे. पण घराणे तेच, आणि पोस्टाच्या आल्बमात दोघेही सुखाने नांदतात. आमच्या एका तिकीट जमविणाऱ्या स्नेह्याने तो आल्बम आमच्यापुढे उघडला, तेव्हा भातखाचरे गमावलेला मावळा आम्ही पानोपानी शोधला. सापडला नाही.