बंदिस्त सापांचा आहार : जिवंत भक्ष्याकडून मृत भक्ष्याकडे

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरीसृपगृह सुरू झाले. जगातील हे पहिले सरीसृपगृह मानले जाते. सापांना जिवंत ससे, पक्षी व गिनीपिग देण्याचा प्रसंग तेथे प्रेक्षकांच्या कुतूहलाचा विषय ठरला, तसाच टीकेचाही. साप मेलेले भक्ष्य शिवत नाही, हे त्या टीकेला दिले जाणारे सोयीचे उत्तर होते.

१९०७ साली संस्थेचे सचिव पीटर चामर्स मिचेल व अधीक्षक आर. आय. पोकॉक यांनी हा समज तपासून निबंध प्रसिद्ध केला. साप नुकतेच मारलेले भक्ष्य सहसा स्वीकारतात, असे त्यात दाखविले आहे. सापासमोर माकडे घाबरतात, परंतु इतर बहुतेक प्राण्यांत भीतीची चिन्हे दिसत नाहीत, हे निरीक्षणही त्यांनी नोंदविले. सुधारणेच्या पक्षाला ते अडचणीचे होते. तरीही ते दडविलेले नाही, हे या निबंधाचे मोल.

शीतपेट्यांमुळे मृत भक्ष्य साठविणे शक्य झाले. त्यात सापाचेही हित होते, कारण कोंडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. मात्र अजगराच्या ओठांवरील खळगे उष्णता टिपतात. म्हणून गोठविलेला उंदीर वितळवून, कोमट करून, चिमट्याने हलवीत पुढे धरावा लागतो. हट्टी सापाला आधी नुकताच मारलेला उंदीर देतात आणि तो पत्करल्यावरच गोठविलेल्याकडे वळवितात.