दवाखान्याचे बिल मोठे, मग योजना लागू होते का? बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

घरातला माणूस अचानक आजारी पडला की दागिने गहाण पडतात, सावकाराचे व्याज सुरू होते. पण बिल कितीही मोठे झाले तरी केवळ त्यामुळे कोणी सरकारी योजनेला पात्र ठरत नाही. पात्रता ठरते कागदपत्रे, आजार आणि रुग्णालय यांवर. म्हणून चौकशी बिल भरण्याआधी करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा फुलेंच्या नावाने चालते. १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे असे कोणतेही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते.

काय करावे
१. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातच दाखल व्हावे. यादी १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.
२. आरोग्यमित्राला भेटून रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवावे. रुग्णाचे नाव कार्डात आहे ना, हे आजच पाहावे. नवजात बाळासाठी जन्मदाखला आणि आईवडिलांचे कार्ड लागते.
३. उपचाराची पूर्वमंजुरी रुग्णालय घेते. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी मिळते, कागद नंतर देता येतात.
४. योजना रोखरहित आहे. आधी पैसे भरून नंतर परत मिळत नाहीत.

आजार यादीत नसेल तर
धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. उत्पन्न मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला हाताशी ठेवावा. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो.

जवळचा आधार
बारामतीचे रौप्यमहोत्सवी उपजिल्हा रुग्णालय, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय ही पहिली ठिकाणे. आरोग्य विभागाच्या अशा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तातडीला १०८.

प्रत्येक वस्तीत दोन तरुणांनी विहारात एक दिवस बसून घरोघरची रेशनकार्डे तपासावीत. ज्यांची नावे सुटली आहेत त्यांचे अर्ज तहसील कार्यालयात द्यावेत. हे काम आजारपण येण्याआधीच व्हायला हवे.

जय भीम!