डिशवॉशरचे वय आणि त्याचा बिघाड

2020 च्या टाळेबंदीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींची ये-जा थांबली आणि देशभर डिशवॉशरची मागणी एकदम वाढली. तेव्हा घेतलेली यंत्रे आता वॉरंटीबाहेर गेली आहेत. त्यामुळे दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हा प्रश्न कोल्हापुरातल्या अनेक घरांत उभा आहे. उत्तर बहुधा वयावरून दिले जाते: दहा वर्षे झाली, आता काढा. हा निकष कमकुवत आहे. बिघाड यंत्राच्या कोणत्या भागात आहे आणि त्याचे मूळ यंत्रात आहे की पाण्यात, यावर निर्णय ठरला पाहिजे.

जोसेफिन कोक्रेन यांनी 1886 मध्ये अमेरिकेत भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचा गाभा होता जाळीत मांडलेल्या भांड्यांवर दाबाने पाणी मारणे. आजही तेच चालते. तळातला पंप गरम पाणी फिरत्या हातांकडे ढकलतो, ते छिद्रांतून फवारले जाते, खरकटे गाळणीत अडकते, आणि दुसरा छोटा पंप घाण पाणी बाहेर टाकतो. या रचनेचे तीन थर करता येतात. गाळणी, हातांची छिद्रे, मीठ आणि पाणी येण्याच्या नळीतली जाळी हा देखभालीचा थर. पंप, हीटर, झडपा आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट हा बदलता येणाऱ्या सुट्या भागांचा थर. आतली टाकी, तिचे सांधे आणि तळाचा सांगाडा हा तिसरा थर. यंत्र खऱ्या अर्थाने म्हातारे होते ते तिसऱ्या थरात. पण ‘आता पूर्वीसारखी भांडी निघत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा पहिल्या थराची असते.

म्हणून आधी भांड्यांवर काय उरते ते नीट पाहावे. आपल्याकडे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा रविवार ही यंत्राची सर्वांत चोख परीक्षा असते. मटणाची चरबी साधारण 45 ते 50 अंश सेल्सिअसला वितळते. पाणी त्याखाली राहिले, तर चरबी सुटते, फिरते आणि पुन्हा ताटांवर, गाळणीवर, टाकीच्या कोपऱ्यांत मेणासारखी बसते. बोट फिरवल्यावर पांढुरका थर ओशट लागला आणि कढत पाण्याने निघाला, तर संशय दोनच गोष्टींचा: कमी तापमानाचा कार्यक्रम लावला गेला, किंवा हीटर अथवा तापमान मोजणारा सेन्सर गेला. तेव्हा सर्वांत गरम कार्यक्रम लावून मध्येच दार जपून किलकिले करावे. आतून वाफ आली नाही, स्टीलचे ताट कोमटच लागले, तर दोष दुसऱ्या थरात आहे आणि तो दुरुस्त होतो.

थर कोरडा, खडूसारखा असेल आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने जात असेल, तर तो क्षारांचा. काचेचे पेले धुरकट झाले आणि कशानेच साफ होत नाहीत, तर काचेचा पृष्ठभागच झिजला आहे. ते पेले गेले, यंत्राचा त्यात दोष नाही. हळदीने पिवळे पडलेले प्लास्टिकचे डबे आणि काळवंडलेले तांब्या-पितळेचे तांबे यांवरून तर यंत्राची पारख करूच नये. ती भांडी त्यात घालायचीच नसतात.

क्षारांचा मुद्दा कोल्हापुरात जास्त खोलात जाऊन पाहावा लागतो, कारण इथे एकाच घरात दोन प्रकारचे पाणी येते. महापालिकेचे पाणी नदीचे आणि धरणाचे: पूर्वी पंचगंगा-भोगावतीचे, 2023 पासून काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे. ते तुलनेने मऊ. पुरवठा तोकडा पडला की अपार्टमेंटच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळते, आणि बेसाल्ट खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम पुष्कळ असू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. या दोन आकड्यांच्या मधले पाणी माणसाला पिता येते, पण डिशवॉशरला ते जड जाते. यंत्रातल्या रेझिनचे मणी हे क्षार धरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. पण किती वेळाने ताजे व्हायचे, हे पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे आपल्याला लावून द्यावे लागते. बसवताना नळाचे पाणी धरून केलेली मांडणी उन्हाळ्यात बोअर सुरू झाल्यावर तशीच राहते. मग हीटरवर आणि छिद्रांत पापुद्रे साठतात, शिवाय कॅल्शियम आणि चरबी मिळून चिकट साका तयार होतो.

या कारणाने यंत्र बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पाणी तेच राहिले तर नव्या यंत्राचीही तीच गत होणार. बिघाड वारंवार होत असतील तर त्यांना एकच कारण जोडते का, ते शोधावे. कारण यंत्राबाहेरचे असेल तर ते आधी दूर करावे. कारण यंत्राच्या आत असेल, उदाहरणार्थ टाकीच्या सांध्यातून ठिबकणारे पाणी तळाच्या वायरिंगवर आणि मोटरच्या बेअरिंगवर पडत असेल, तर एकेक भाग बदलत बसण्यात अर्थ नाही. टाकीला भोक, सांध्याला गंज, वाकलेला सांगाडा ही बदलण्याची ठाम कारणे आहेत. जाळीच्या काड्यांवरचे आवरण निघून गंज दिसला, तर मात्र घाबरू नये. जाळी वेगळी मिळते.

म्हणून दुरुस्तीला होकार देण्याआधी कारागिराकडून खालची पट्टी उघडून घ्यावी आणि बॅटरीच्या उजेडात तळ पाहावा. पाण्याचे ओघळ, पांढरे क्षार, गंज, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या: यंत्र अजून किती वर्षे काढेल, याचा अंदाज इथेच येतो. हिशेबाला हा अंदाजच सर्वांत महत्त्वाचा.

‘दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्त करा’ हा प्रचलित नियम ही वर्षे विचारातच घेत नाही. समजा, नवे यंत्र बसवण्यासह 42,000 रुपयांचे आहे आणि दहा वर्षे चालेल. म्हणजे वर्षाला 4,200. एका घरी सहा वर्षांच्या यंत्राचा पंप गेला, खर्च 14,000, पण तळ कोरडा आणि बाकी सारे ठीक, पुढे पाच वर्षांची आशा: वर्षाला 2,800. दुरुस्त करावे. दुसऱ्या घरी नऊ वर्षांच्या यंत्राचे सर्किट गेले, खर्च 9,000, पण तळाला गंज, फार तर दीड वर्ष: वर्षाला 6,000. बदलावे. निम्म्याचा नियम दोन्हीकडे दुरुस्तीच सांगतो, आणि दुसऱ्या घरी जास्त जोराने, कारण तिथला आकडा लहान. आधी केलेल्या दुरुस्त्यांचे पैसे या हिशेबात धरू नयेत, ते गेले.

नवे यंत्र वीज-पाणी वाचवते म्हणून घ्या, हा सल्ला आपल्या दरांत फारसा टिकत नाही. एका धुण्यामागे पाव युनिट वाचले आणि वर्षात 300 धुणी झाली, तर बचत 75 युनिटांची. तेवढ्यावर चालते यंत्र काढण्यात फायदा नाही.

सुरक्षिततेचे प्रश्न मात्र हिशेबाच्या आधी येतात. यंत्र लावल्यावर आरसीसीबी (वीज झिरपताच पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल, तर बहुधा हीटरचे आवरण फुटून वीज झिरपते आहे. हीटर बदलता येतो. आरसीसीबीला बगल देऊन यंत्र चालवणे जिवावर बेतू शकते.

आणि महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले आणि नदीकडच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. डिशवॉशरचे पंप, झडपा आणि गळती ओळखणारा तरंगता स्विच तळातच असतात, त्यामुळे घरात फूटभर पाणी आले तरी ते यंत्राच्या मर्मावर जाते. या पाण्यात गाळ आणि सांडपाणी दोन्ही असते. वाळवलेले यंत्र सुरू होते, पण जोडण्यांत अडकलेला ओलसर गाळ पुढे कित्येक महिने धातू खात राहतो. मेगर या रोधमापकाने इन्सुलेशन तपासल्याशिवाय ते प्लगला लावू नये. पाणी दारातल्या सर्किटपर्यंत चढले असेल, तर वय दोन वर्षे असले तरी मी ते बदलाच म्हणेन. ज्यात जेवायची भांडी धुवायची, त्यात इतकी शंका ठेवू नये. विम्याचा दावा करायचा असेल तर साफसफाईपूर्वी फोटो काढावेत.

सुट्या भागांची उपलब्धता शेवटी पाहावी, पण पाहावीच. युरोपीय संघात मार्च 2021 पासून डिशवॉशरचे ठरावीक भाग सात ते दहा वर्षे पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. तिथे माहिती मिळते, भागाची हमी नाही. मोटर भरून घ्यायला, बुश कातून घ्यायला कोल्हापुरातली उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत समर्थ आहे. सर्किट मात्र कंपनीकडूनच यावे लागते. म्हणून त्या मॉडेलचे सर्किट अजून मिळते का, हे पंपावर खर्च करण्याआधी विचारून घ्यावे. ते बंद झाले असेल तर वरच्या हिशेबातली पाच वर्षे दोनच धरावीत.