परराज्यातील खाते आणि जमीन : वारसांनी काय करावे?

कामधंद्यासाठी आपली अनेक माणसे भिलाई, सुरत, इंदूरला गेली. तिथे बँकेत खाते उघडले, एखादा प्लॉट घेतला. माणूस गेल्यावर विधवा आणि मुले हेलपाटे घालतात आणि शेवटी हक्क सोडून देतात. तसे करू नका.

वारस कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २ नुसार हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा मिळतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा जात नाही.

बँकेतील पैसे : नॉमिनीला रक्कम मिळते, पण तो एकटा मालक होत नाही; ती सर्व वारसांची असते. नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्ही नसतील आणि वाद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार वाणिज्य बँकेत किमान १५ लाख आणि सहकारी बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत सोपी पद्धत आहे. रक्कम मोठी असेल, तर उत्तराधिकार प्रमाणपत्र (सक्सेशन सर्टिफिकेट) लागू शकते. मृत व्यक्ती नागपूरला राहत असेल, तर अर्ज नागपूरच्या न्यायालयात करावा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३८० नुसार ते भिलाईच्या बँकेतही चालते. अर्जात प्रत्येक खाते आणि शेअर्स नमूद करा. काही राहिले, तर कलम ३७६ नुसार वाढवून घेता येते.

घर, जमीन : हे प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांपुरतेच असते. मध्य प्रदेशातील जमिनीसाठी तिथल्याच तहसील कार्यालयात नामांतरणाचा अर्ज द्यावा लागतो. नामांतरण ही महसुली नोंद आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच सोडवते.

सावधान : 'फक्त नाव चढवायचे आहे' असे सांगून बहिणीची किंवा आईची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र रद्द करणे फार अवघड असते. वाचल्याशिवाय सही नको.

आजच करा : बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहाची नोंदणी करा, सर्व कागदांवर नाव-आडनाव एकसारखे करून घ्या आणि खाती व मालमत्तेची यादी घरात ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.

हक्क कागदावर आहे. तो मागावा लागतो. जय भीम!